सहकारी बँक कंपन्यांच्या बाँडवर व्याज कसं कमावते: पात्रता, कागदपत्रं, प्रोसेस

बडोद्यात सहकार जुना, अन्योन्य सहकारी मंडळी इथे 1889 सालीच सुरू झाली, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या मराठी घरांत सहकारी बँकेतली एफडी आजही असतेच. बँक आपल्याला व्याज देते ते मुख्यतः कर्जातून कमावते हे खरंय, पण थोडा पैसा कंपन्यांच्या बाँड-डिबेंचरमध्येही (म्हणजे कंपनीला ठरलेल्या व्याजाने दिलेल्या कर्जाच्या कागदांमध्ये) जातो, आणि सभासदाने तो कुठे आहे हे बघायलाच हवं.

आधी पात्रता. सीआरआर (रिझर्व्ह बँकेकडे ठेवायची रोख) आणि एसएलआर (सरकारी रोख्यांसारख्या सुरक्षित गोष्टींत ठेवायचा हिस्सा) यांचे पैसे बाजूला ठेवल्यावरच बँकेला हे करता येतं, आणि नागरी सहकारी बँकेची नॉन-एसएलआर गुंतवणूक, म्हणजे एसएलआरमध्ये न धरली जाणारी, कंपन्यांच्या बाँडसारखी गुंतवणूक, मागच्या 31 मार्चच्या एकूण ठेवींच्या 10 टक्क्यांवर जाऊ शकत नाही. म्हणजे ठेवी 200 कोटी असतील तर 20 कोटी, बस. बाँडचं रेटिंग, म्हणजे पैसे परत मिळण्याच्या भरवशाला रेटिंग एजन्सीने दिलेला दर्जा, कमीत कमी ए हवं, आणि शेअर बाजारात लिस्ट नसलेले कागद या नॉन-एसएलआर रकमेच्या 10 टक्क्यांच्या आतच.

कागदपत्रं: संचालक मंडळाने मंजूर केलेली गुंतवणूक पॉलिसी, ठराव, सही कोण करणार त्यांची यादी, पॅन, केवायसी, एलईआय नंबर (संस्थेचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) आणि बँकेच्या नावाचं डिमॅट खातं. प्रत्येक सौद्याची डील स्लिप (सौद्याच्या तपशिलाची चिठ्ठी) वेगळी, आणि जो सौदा करतो त्यानेच सेटलमेंट, म्हणजे पैसे आणि बाँडची देवघेव, करायचं नाही, हा नियम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, कारण घोटाळे नेमके तिथेच होतात.

आता व्याजाचा हिशोब, इथे लोक गोंधळतात. समजा 1 कोटीचा बाँड आहे, कूपन (बाँडवर ठरलेला व्याजदर) 8 टक्के, व्याज वर्षातून एकदा, म्हणजे 8 लाख. पण बँकेने तो मागच्या व्याजाच्या तारखेनंतर 3 महिन्यांनी बाजारातून घेतला तर त्या 3 महिन्यांचं साधारण 2 लाख व्याज विकणाऱ्याला आधीच मोजून द्यावं लागतं. ही रक्कम बाँडच्या किमतीत मिसळायची नाही, नफा-तोटा खात्यात खर्च म्हणून टाकायची, त्यामुळे पुढे 8 लाख हातात आले तरी खरी कमाई 6 लाखच. आणि 100 चा बाँड 98 ला मिळाला असेल तर मुदतीला ते 2 रुपये वरचे, शेवटपर्यंत ठेवला आणि कंपनी बुडाली नाही तर.

कंपनीने व्याज किंवा मुद्दल 90 दिवसांपेक्षा जास्त थकवलं की ती गुंतवणूक अनुत्पादक धरतात, मग न मिळालेलं व्याज उत्पन्नात दाखवता येत नाही आणि तरतूदही करावी लागते, म्हणजे संभाव्य तोट्यासाठी नफ्यातून रक्कम बाजूला ठेवावी लागते. म्हणून कूपन जास्त दिसलं की खूश व्हायचं नाही, आधी रेटिंग बघायचं.

सभासदांनो, बँकेचा पैसा कुठे आहे हे बघायला वेगळा अर्ज लागत नाही. वार्षिक अहवाल घ्या, हिशोबाच्या टिपांमध्ये नॉन-एसएलआर गुंतवणुकीचा तक्ता असतो, त्यात अनलिस्टेड (बाजारात लिस्ट नसलेले) किती, अनरेटेड (रेटिंग नसलेले) किती ते आकडे असतात, ते वाचा आणि वार्षिक सभेत उभं राहून विचारा.