कंपासपेटीवरचा डोरेमॉन आणि वहीतलं कोरं पान

जूनमध्ये शाळा उघडायच्या सुमारास स्टेशनरीच्या दुकानात साध्या कंपासपेटीकडे मुलं ढुंकूनही पाहत नाहीत. छोटा भीम नाहीतर डोरेमॉनच हवा असतो. अशा वस्तूंनी सर्जनशीलता वाढते, असं जाहिराती सांगतात. मानसशास्त्रातले प्रयोग पाहता ते अर्धंच खरं आहे, पण तेवढं अर्धंही मोलाचं आहे.

अमेरिकेत रेचल व्हाइट आणि सहकाऱ्यांनी 4 आणि 6 वर्षांच्या 180 मुलांना 10 मिनिटांचं एक कंटाळवाणं काम दिलं. शेजारी टॅबलेटवर खेळ होता, वाटेल तेव्हा उठून खेळायची मुभा होती. काही मुलांना बॅटमॅन किंवा डोरासारखं आवडतं पात्र होऊन काम करायला सांगितलं आणि त्या पात्राची एखादी वस्तू अंगावर घालायला दिली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हीच मुलं सगळ्यांत जास्त वेळ कामाला चिकटून राहिली. मात्र त्यांनी पात्राचं नुसतं चित्र पाहिलं नव्हतं, ती स्वतः बॅटमॅन झाली होती. शिवाय प्रयोगात मोजली गेली ती चिकाटी. नवं काही सुचणं ही वेगळी गोष्ट.

तिथेच गोची आहे. 1993 मध्ये स्मिथ, वॉर्ड आणि शूमाकर यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना परग्रहावरचे काल्पनिक प्राणी काढायला सांगितले. काहींना आधी नमुने दाखवले. त्या प्रत्येक प्राण्याला चार पाय, शेपूट आणि डोक्यावर मुंगीसारख्या स्पर्शिका (मिशा) होत्या. मग नमुना पाहिलेल्यांच्या चित्रांत याच गोष्टी जास्त उतरल्या. नमुन्यापेक्षा वेगळं काढा, असं बजावूनही! मोठ्यांची ही गत, तर रोज छापील रेघांच्या आत रंग भरणाऱ्या मुलांचं काय होत असेल, याची मला खरंच काळजी वाटते.

एलिस पॉल टॉरन्स यांनी 1966 मध्ये तयार केलेल्या सर्जनशीलतेच्या चाचणीतल्या चित्रं काढायच्या भागात मुलांपुढे पूर्ण चित्र नसतंच. एखादी वाकडी रेघ, अर्धवट आकार, आणि पुढचं त्यांनी रचायचं. घरी हेच करता येतं. कंपासपेटी खुशाल डोरेमॉनची घ्या, चित्रकलेची वही मात्र कोरी असू द्या. आणि डोरेमॉनच काढायचा हट्ट असेल, तर तो तुम्ही काढून द्या आणि त्याच्या पोटावरच्या खिशातून आज काय बाहेर येतंय, ते मुलाला काढू द्या.