कागद कोणाच्या हातून आला?

सीए होण्याआधीच्या उमेदवारीत, म्हणजे आर्टिकलशिपच्या पहिल्या आठवड्यात मला एका कारखान्याची व्हाउचरं तपासायला बसवलं होतं. पेट्रोल, कुरिअर, चहापाणी, स्टेशनरी. तीन दिवस हिरव्या पेन्सिलीने टिका मारल्या. चौथ्या दिवशी सीनियरनी फाइल चाळली आणि विचारलं, "हे सगळं खोटं निघालं असतं तरी ताळेबंदात किती फरक पडला असता?" बेरीज केली तर सत्तर-ऐंशी हजार भरले. गोदामात चार कोटींचा माल पडून होता आणि तिकडे आमच्यातलं कोणी फिरकलंही नव्हतं.

तोच प्रश्न पहिल्या दिवशी विचारला की त्याला ऑडिटचं प्लॅनिंग म्हणतात. चूक किंवा लबाडी कुठे असू शकते, ती किती मोठी असेल आणि ती पकडायला कोणती तपासणी लावायची, हे आधी ठरवायचं. आज एसए ३००, ३१५, ३३० या स्टँडर्डांत, म्हणजे ऑडिट कसं करायचं याच्या नियमांत, हे सगळं क्रमाने मांडलेलं आहे. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना वाटतं, कोणीतरी निवांत बसून ते तर्काने रचलं असावं. प्रत्यक्षात त्यातला बराच भाग घोटाळे होऊन गेल्यावर, तोंड पोळल्यावर लिहिलेला आहे.

सुरुवातीला निवडीचा प्रश्न नव्हताच. धंदा छोटा, वह्या मोजक्या. हिशेबतपासनीस कीर्दीतली, म्हणजे रोजच्या वहीतली, एकूण एक नोंद खतावणीशी, म्हणजे लेजरशी, ताडून पाहायचा. रेल्वे आणि गिरण्यांच्या मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या तसं सगळं तपासणं परवडेनासं झालं. मग 'टेस्ट चेक' आला. एखादा महिना घ्यायचा, एखादी शाखा घ्यायची. कोणता महिना आणि का, याला अनुभवापलीकडे आधार नव्हता.

१८९६ साली इंग्लंडमधल्या किंग्स्टन कॉटन मिलचा खटला गाजला. गिरणीच्या मॅनेजरने काही वर्षं शिल्लक मालाचे आकडे फुगवून दाखवले होते. ऑडिटरांनी माल पाहिला नाही. मॅनेजरने सही केलेला दाखला घेतला आणि ताळेबंदात आकडा उतरवला. न्यायालयाने त्यांना सोडलं. ऑडिटर राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, हे न्यायमूर्ती लोप्स यांचं वाक्य तिथलंच. ते आपल्याकडे सीएच्या प्रत्येक पिढीने पाठ केलं आहे. पाठ करताना एक गोष्ट मात्र निसटते. सुरुवातीचा साठा, त्यात वर्षाची खरेदी, त्यातून विक्री वजा, एवढा हिशेब वह्यांवरून मांडला असता तरी शिल्लक जुळत नाही हे ऑडिटरांना दिसलं असतं. गोदामात जायचीही गरज नव्हती. पण संशयाला कारण नसताना विश्वासातल्या अधिकाऱ्याचा शब्द ऑडिटरने मानावा, असं त्या काळचं मत होतं. मुंबई सरकारने १९१८ साली जी.डी.ए. ही हिशेबाची पदविका सुरू केली, १९४९ साली चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा आला. आपला व्यवसाय याच इंग्रजी वळणावर घडला.

या मताला मोठा तडा गेला तो अमेरिकेत, १९३८ साली. मॅकेसन अँड रॉबिन्स ही औषधांची नावाजलेली कंपनी. तिचा अध्यक्ष एफ. डोनाल्ड कोस्टर हा मुळात फिलिप म्युझिका नावाचा शिक्षा भोगलेला भामटा होता, आणि नावं बदललेले त्याचे भाऊ त्याला सामील होते. कच्च्या औषधांचा धंदा कॅनडातून चालतो असं दाखवलेलं. खरेदीची बिलं, मालाच्या पावत्या, गिऱ्हाइकांची येणी, सगळे कागद होते, माल नव्हता. सुमारे ८.७ कोटी डॉलरच्या मालमत्तेत जवळपास १.९ कोटी निव्वळ हवेत होते. ऑडिटर प्राइस वॉटरहाउसने कागद तपासले होते आणि कागद चोख होते. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे गोदामात जाणं किंवा गिऱ्हाइकाला पत्र लिहिणं ऑडिटरला बंधनकारक नव्हतं. डिसेंबर १९३८ मध्ये बिंग फुटलं, कोस्टरने स्वतःवर गोळी झाडून घेतली, आणि ऑडिटरांनी पाच लाख डॉलरहून जास्त फी कंपनीला परत केली. १९३९ मध्ये अमेरिकी अकाउंटंटांच्या संस्थेने दोन तपासण्या नेहमीच्या कामात घातल्या: मालाची मोजणी होताना हजर राहणं आणि येणेकऱ्यांकडून थेट बाकी कळवून घेणं.

आज ३१ मार्चला आर्टिकल गोदामात उभा असतो तो या प्रकरणामुळे. तिथेही उभं राहण्याची रीत आहे. यादीतले वीस आयटम निवडून ते रॅकवर शोधले, तर यादीतला माल खरोखर आहे की नाही ते कळतं. उलट रॅकवरचे वीस खोके निवडून ते यादीत शोधले, तर काही लिहायचं राहिलं आहे का ते कळतं. दोन्हीला लोक 'स्टॉक तपासला' असंच म्हणतात, पण एकीने दुसरीचं काम होत नाही. येणी फुगलेली असण्याची भीती असेल तर लेजरकडून बिलाकडे जायचं. देणी दडवल्याची भीती असेल तर एप्रिल-मेमध्ये चुकवलेल्या रकमांपासून मागे यायचं. तपासणीची निवड म्हणजे बहुतेक वेळा ही दिशेची निवड असते, आणि नवशिके सर्वांत जास्त चुकतात तेही इथेच.

किती तपासायचं, याला गणित मिळालं ते साठच्या दशकात. हॅस्किन्स अँड सेल्स या अमेरिकी ऑडिट फर्मच्या केनेथ स्ट्रिंगर यांनी संख्याशास्त्रज्ञाची मदत घेऊन अशी पद्धत बसवली की खात्याऐवजी खात्यातलं एकेक चलन, म्हणजे एकेक डॉलर किंवा रुपया, हे निवडीचं एकक धरायचं. एकूण येणी ५० लाख आणि प्रत्येक पाच लाखांमागे एक रुपया उचलायचा ठरवला, तर पाच लाखांचं किंवा त्याहून मोठं खातं हमखास हाती लागतं. पद्धत देखणी आहे, पण देण्यांना ती लावली की फसते. ज्या पुरवठादाराची बाकी मुद्दाम शून्य दाखवली आहे, त्याचा एकही रुपया यादीत नाही, मग तो निवडला कसा जाणार?

१९८३ च्या एका अमेरिकी स्टँडर्डने जोखमीचं सूत्र पुढे आणलं. एखादी बाब मुळात किती चुकण्याजोगी आहे, कंपनीचं अंतर्गत नियंत्रण ती चूक किती अडवेल, आणि उरलेली चूक ऑडिटरच्या नजरेतून किती निसटेल. पहिल्या दोन जोखमी जास्त असतील तर तिसरी कमी करायची, म्हणजे तपासणी वाढवायची. कागदावर हे पटकन पटतं. वर्ल्डकॉम या अमेरिकी टेलिफोन कंपनीने ते किती पोकळ होऊ शकतं ते दाखवलं. तिचे ऑडिटर आर्थर अँडरसन यांनी आपल्या अंतर्गत मूल्यमापनात या कंपनीला जोखमीच्या सर्वांत वरच्या श्रेणीत टाकलं होतं. ऑडिटवर देखरेख ठेवणाऱ्या संचालकांच्या ऑडिट कमिटीला मात्र ते कधी सांगितलं नाही. २००२ मध्ये बाहेर आलं की कंपनीने चालू खर्च भांडवली, म्हणजे जणू मालमत्ता घेतली असं, दाखवून अब्जावधी डॉलरचा नफा फुगवला होता, आणि तेही तिमाही संपल्यावर वरून टाकलेल्या जर्नल एंट्रींनी, म्हणजे वहीत थेट केलेल्या फेरफाराच्या नोंदींनी. प्लॅनिंगच्या कागदावर धोका लिहिलेला आणि तपासणीत त्याची सावलीही नाही. त्याच वर्षी अमेरिकेत जर्नल एंट्री तपासणं सक्तीचं झालं. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड ३१५ आणि ३३० आली. ओळखलेल्या प्रत्येक धोक्यासमोर कोणती तपासणी लावली हे त्यांनी दाखवायला लावलं. आपल्याकडे ती एप्रिल २००८ पासून लागू झाली.

आणि नऊ महिन्यांत सत्यम, हैदराबादची सॉफ्टवेअर कंपनी. ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहिलं: दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीतले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. बँक शिल्लक ही ऑडिटमधली सर्वांत सोपी बाब मानतात. बँकेला पत्र लिहा, उत्तर घ्या, संपलं. ती तपासणी इथे निवडलेलीही होती. पण अमेरिकी नियामकाने २०११ मध्ये ऑडिटरांवर ठपका ठेवला तो असा की, बँकांना जायची पत्रं त्यांनी कंपनीच्याच हाती दिली आणि उत्तरंही कंपनीकडूनच घेतली. किंग्स्टनच्या मॅनेजरचा दाखला आणि ही उत्तरं यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही. बँकेचं लेटरहेड तेवढं वाढलं.

त्यानंतर २०१३ चा कंपनी कायदा आला, २०१८ मध्ये एनएफआरए हे ऑडिटरांवर नजर ठेवणारं नियामक मंडळ आलं. पण माझ्या रोजच्या कामात सर्वांत जास्त फरक पडला तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या एका नियमाने. कंपनीच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एंट्री कोणी, कधी बदलली याचा एडिट लॉग असला पाहिजे. तो वर्षभर चालू होता का, त्यात कोणी छेडछाड केली का, हे ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. लहान कंपनीत हा लॉग उघडला की ३१ मार्चची विक्रीची एंट्री १४ मेच्या रात्री पावणेबाराला बदललेली दिसते. युजरचं नाव 'अ‍ॅडमिन'. अ‍ॅडमिनचा पासवर्ड अकाउंटंटच्या टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला असतो, आणि तिथून चौघे जण रोज ये-जा करतात.