स्मार्ट मीटर आणि घरचं सोलर

स्मार्ट मीटर म्हणजे असा इलेक्ट्रॉनिक वीजमीटर जो युनिटची नोंद दर १५ किंवा ३० मिनिटांच्या टप्प्यांत ठेवतो आणि ती नोंद स्वतःहून वीज कंपनीकडे पाठवतो. घराच्या छपरावर ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेलं सोलर असेल तर हाच मीटर वीज दोन्ही दिशांनी मोजतो, ग्रिडकडून घरात आली ती इम्पोर्ट आणि घरातून ग्रिडकडे गेली ती एक्सपोर्ट, आणि दोन्हींचे आकडे वेगवेगळ्या खात्यात साठवतो. बोलताना लोक नेट मीटर आणि स्मार्ट मीटर एकाच अर्थाने म्हणतात पण ते बरोबर नाही. नेट मीटरिंग ही बिलाची पद्धत आहे (बाहेर दिलेली युनिट घेतलेल्यांतून वजा करायची), दोन्ही दिशा मोजणं हा मीटरचा गुण आहे, आणि वेळेप्रमाणे नोंद ठेवून ती दूर पाठवणं यामुळे तो स्मार्ट होतो. एकच डबा ही सगळी कामं करतो म्हणून नावं मिसळली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे न कळल्यामुळे बिलावरून सर्वात जास्त वाद होतात. या मीटरला सोलर पॅनेल दिसतच नाहीत. तो घराच्या उंबरठ्यावर बसलेला असतो आणि उंबरठा ओलांडून जे आत आलं किंवा बाहेर गेलं तेवढंच त्याला कळतं. समजा दुपारी पॅनेल ३ किलोवॉट देतायत आणि घरात त्याच वेळी १ किलोवॉटचा लोड चालू आहे, तर ते १ किलोवॉट आतल्या आत वापरलं जातं आणि मीटरला फक्त उरलेले २ किलोवॉट बाहेर जाताना दिसतात. तासभर असंच चाललं तर एक्सपोर्टमध्ये २ युनिट चढतात, सोलर इन्व्हर्टरचं (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणारं यंत्र) अ‍ॅप मात्र ३ युनिट दाखवतं. मग लोकांना वाटतं की १ युनिट कुठेतरी गायब झालं. गायब काही झालेलं नसतं, ते घरातच वापरलं गेलं, आणि तेवढं युनिट ग्रिडकडून विकत घ्यावं लागलं नाही.

म्हणून खरा हिशेब करायला तीन आकडे लागतात: इन्व्हर्टरची एकूण निर्मिती, मीटरचा इम्पोर्ट आणि मीटरचा एक्सपोर्ट. निर्मितीतून एक्सपोर्ट वजा केला की घरात थेट वापरलेलं सोलर मिळतं, आणि त्यात इम्पोर्ट मिळवला की घराचा खरा एकूण वापर. महिन्याला ३६० युनिट बनले, २२० बाहेर गेले आणि १५० आत आले, तर थेट वापर १४० आणि घराचा एकूण वापर २९०. बिलावर हा २९० कुठेच छापलेला नसतो. सोलर बसवल्यावर हात सैल होऊन आपला वापर वाढलाय का हे बिलाकडे बघून कळत नाही ते याचमुळे. काही ठिकाणी निर्मिती मोजायला वेगळा जनरेशन मीटर बसवतात, तो असला तर काम सोपं होतं, कारण इन्व्हर्टरचा स्वतःचा आकडा बिलाच्या मीटरइतका अचूक असेलच असं नाही.

जुन्या मीटरचं काय व्हायचं

चकती फिरणारे मीटर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आले, ओट्टो ब्लाथी या हंगेरियन इंजिनिअरने १८८९ मध्ये असा मीटर बनवला आणि तेच तत्त्व पुढे शंभर वर्षं चाललं. वीज उलटी वाहिली की चकती उलटी फिरायची आणि आकडा कमी व्हायचा. सुरुवातीच्या सोलरवाल्यांचं नेट मीटरिंग अक्षरशः असंच होत होतं, कुणी ठरवून पद्धत बनवली नव्हती, यंत्राचा स्वभावच तसा होता. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९८३ मध्ये याला कायद्याचं रूप दिलं. उलट फिरू नये म्हणून काही मीटरांत अडकणही असायचं.

मधल्या काळातल्या साध्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये मात्र एक मोठा धोका आहे. वीजचोरी पकडता यावी म्हणून त्यातले काही असे बनवलेत की वायरी उलट्या जोडल्या तरी वापर सरळच मोजला जावा. म्हणजे दिशा कुठलीही असो, युनिट वाढणारच. अशा मीटरवर सोलर चालू केलं तर बाहेर दिलेली वीजसुद्धा वापर म्हणून चढते आणि बिल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं! त्यामुळे पॅनेल बसवून तयार असले, बाहेर कडक ऊन असलं, तरी मीटर बदलून मिळेपर्यंत सोलर चालू करू नये, आणि मीटर बदलण्याचा अर्ज पॅनेल लागायची वाट न बघता आधीच टाकावा.

टप्पे, फेज आणि हिशेब

पूर्ण महिन्याचा एक्सपोर्ट इम्पोर्टमधून वजा करायची पद्धत असेल तर वेळेला फार महत्त्व नाही, दुपारी दिलं आणि रात्री घेतलं तरी युनिटला युनिट. पण बऱ्याच ठिकाणी आता नेट बिलिंगकडे चाललंय, म्हणजे घेतलेल्या विजेचा दर वेगळा आणि दिलेल्या विजेचा वेगळा, बहुतेकदा कमी. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२३ पासून नव्या सोलर ग्राहकांना अशी पद्धत लागू झाली, आणि नेदरलँड्सने तर युनिटला युनिट वजा करणं १ जानेवारी २०२७ पासून बंद करायचं कायद्याने ठरवलंय. असा हिशेब चकतीच्या जुन्या मीटरने करताच आला नसता, तो शक्य झाला तो नवा मीटर इम्पोर्ट आणि एक्सपोर्टची वेगळी नोंद ठेवतो म्हणून, आणि स्मार्ट मीटर तर ती टप्प्याटप्प्याने ठेवतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे. एकाच १५ मिनिटांच्या टप्प्यात इम्पोर्ट आणि एक्सपोर्ट दोन्ही होऊ शकतात, ढग आला, गिझर चालू झाला, बंद झाला. मीटर ते दोन्ही नोंदवतो. आता बिलात त्या टप्प्याची वजाबाकी करून एकच आकडा धरायचा का दोन्ही आकडे वेगवेगळ्या दराने लावायचे, यावर शेवटची रक्कम ठरते, आणि ते मीटर ठरवत नाही, नियम ठरवतो.

थ्री फेज जोडणीत याहून मोठा फरक पडतो. समजा इन्व्हर्टर सिंगल फेज आहे आणि एका फेजवर ३ किलोवॉट बाहेर देतोय, त्याच वेळी दुसऱ्या फेजवर २ किलोवॉटचा गिझर चालू आहे. तिन्ही फेजची बेरीज करणारा मीटर म्हणेल १ किलोवॉट एक्सपोर्ट. प्रत्येक फेज वेगळा धरणारा मीटर म्हणेल ३ एक्सपोर्ट आणि २ इम्पोर्ट. घर तेच, वीज तीच, आकडे वेगळे. दोन्ही प्रकारचे मीटर वापरात आहेत, त्यामुळे आपला कुठला आहे हे इन्व्हर्टर घेण्याआधी विचारून घेणं फार गरजेचं आहे, कारण दुसऱ्या प्रकारात थ्री फेज इन्व्हर्टर घेणं किंवा मोठे लोड सोलरच्या फेजवर आणणं फायद्याचं ठरतं.

व्होल्टेज आणि कटऑफ

आसपासची बरीच घरं एकाच वेळी वीज बाहेर ढकलायला लागली की लाइनच्या टोकाला व्होल्टेज वाढतं आणि मर्यादेच्या वर गेलं की इन्व्हर्टर उत्पादन कमी करतो किंवा सरळ बंद पडतो. छान ऊन असताना भर दुपारी निर्मितीच्या आलेखाचं टोक कापल्यासारखं दिसलं तर हे कारण असू शकतं (पॅनेलच्या मानाने इन्व्हर्टर लहान असेल तरी तसंच दिसतं, म्हणून आधी ते बघावं). स्मार्ट मीटर व्होल्टेजचीही नोंद ठेवतो, आणि ही नोंद तक्रारीला जोडली तर बोलण्याला वजन येतं, कारण ती कंपनीच्याच मीटरची असते.

बऱ्याच स्मार्ट मीटरच्या आत सप्लाय तोडायचा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विचही असतो. प्रीपेड जोडणीत बॅलन्स संपला आणि रिलेने सप्लाय तोडला तर ग्रिडवर चालणारा साधा इन्व्हर्टरही लगेच थांबतो, डोक्यावर कितीही ऊन असो. लाइट गेल्यावर होतं तेच, ग्रिडचं व्होल्टेज दिसलं नाही की इन्व्हर्टर वीज देत नाही, नाहीतर बंद समजलेल्या लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतेल. बॅकअप हवाच असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड नसतानाही बॅटरीवर घर चालवू शकणारा) आणि बॅटरी लागते.

ऊन असताना वापरणं

एक्सपोर्टचा दर कमी असेल तिथे वीज बाहेर देण्यापेक्षा घरात वापरणं जास्त परवडतं. पाणी तापवणं, पंप, वॉशिंग मशीन, गाडीचं चार्जिंग ही कामं दुपारी घेता येतात, पण सगळी एकदम नाही, एकामागून एक. पॅनेल ३ किलोवॉट देत असताना ५ किलोवॉटचा लोड टाकला तर २ किलोवॉट ग्रिडकडूनच येणार. इथेच टप्प्यांचा आलेख खूप कामाचा आहे, दुपारी एक्सपोर्टचा उंचवटा किती वाजता आणि किती उंच येतो ते चार-पाच दिवस बघितलं की कुठलं काम कधी घ्यायचं ते आपोआप कळतं. कंपनीच्या पोर्टलवर हा डेटा सहसा उशिरा, काही ठिकाणी दुसऱ्या दिवशी येतो, त्यामुळे बॅटरी किंवा गिझर त्यावरून चालवता येत नाही, त्यासाठी मेन वायरवर वेगळा सीटी सेन्सर (वायरीभोवती बसून करंट मोजणारं कडं) बसवतात. नेदरलँड्समधल्या मीटरला मात्र ग्राहकासाठी पी१ नावाचा पोर्ट आहे, नव्या मीटरमधून त्यावर दर सेकंदाला आकडे मिळतात. अशी सोय सगळीकडे असायला हवी, शेवटी डेटा ग्राहकाच्याच घराचा आहे. याच डेटावरून घरात कोण कधी असतं तेही कळू शकतं, त्यामुळे पोर्टलचा पासवर्ड कुणाला देऊ नये.

मीटर नीट बसलाय का

डिस्प्लेवर आकडे आळीपाळीने येत राहतात. बऱ्याच मीटरवर १.८.० या कोडसमोर एकूण इम्पोर्ट आणि २.८.० समोर एकूण एक्सपोर्ट असतो. लुकलुकणाऱ्या लाल दिव्यावरून दिशा कळत नाही, तो बहुतेक मीटरांत दोन्हीकडे लुकलुकतो, दिशा बघायची तर बाण किंवा उणे चिन्ह बघावं. मीटर लागला त्या दिवशी दोन्ही आकड्यांचा फोटो काढून ठेवावा, जुन्या मीटरच्या शेवटच्या आकड्याचाही. मग स्वच्छ उन्हात दुपारी घरातले मोठे लोड बंद करून अर्धा तास थांबायचं, एक्सपोर्ट वाढला पाहिजे आणि इम्पोर्ट जागेवर राहिला पाहिजे. रात्री याच्या उलट. दुपारी इम्पोर्ट वाढताना आणि रात्री एक्सपोर्ट वाढताना दिसला तर जोडणी उलटी झालीय, मोठ्या जोडण्यांत सीटी उलटा बसला की असं होतं, आणि मग पहिलं बिल यायची वाट न बघता त्याच दिवशी फोटोंसकट लेखी तक्रार द्यावी.