लांबच्या वाटेने लवकर

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने आपले दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पश्चिमेला अटलांटिकवरून नेण्याऐवजी पूर्वेला, पॅसिफिक महासागरावरून नेले. जुना मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा, तर नवा सुमारे १५,३०० किलोमीटरचा. म्हणजे तब्बल १,४०० किलोमीटर जास्त उडूनही विमान साधारण साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा लवकर पोहोचले. विशेष म्हणजे या दोन विमानतळांमधले सर्वांत कमी अंतर दोन्ही मार्गांहून कमी, साधारण १२,४०० किलोमीटर आहे.

हे सर्वांत कमी अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मिळत नाही. घरात पृथ्वीगोल असेल, तर दोऱ्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरून तो घट्ट ताणून पाहावा. मुंबई १९ आणि न्यूयॉर्क सुमारे ४१ अंश उत्तर अक्षांशावर असले, तरी दोरा रशिया आणि स्कँडिनेव्हियावरून चढत थेट ६५ अंशांजवळ जातो आणि मग खाली उतरतो. या रेषेला बृहद्वृत्त म्हणतात. हवाई हद्दींची बंधने आणि वादळे यांमुळे विमानाला ती तंतोतंत पाळता येत नाही.

पण वेळेचा खरा हिशेब वाऱ्याकडे असतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेचे शहर आपणहून विमानाकडे सरकत येते, असा एक समज आहे; तो चुकीचा आहे, कारण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते. विमान हवेत पोहते, आणि ती हवाच वाहत असेल तर तिच्याबरोबर तेही वाहते. उष्ण कटिबंध आणि ध्रुवीय प्रदेश यांच्या तापमानातील फरकामुळे व पृथ्वीच्या परिवलनामुळे साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान पट्टा तयार होतो, तीच जेट स्ट्रीम. तिच्यात वाऱ्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो, आणि प्रवासी विमाने नेमकी याच उंचीवर उडतात.

मुंबई–लंडन हे बृहद्वृत्तावरचे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० धरला, तर वारा नसताना आठ तास लागतील. वाटभर समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर नऊ तास, आणि तोच मागून असेल तर सात तास बारा मिनिटे. म्हणजे जाताना साठ मिनिटे गेली, येताना अठ्ठेचाळीसच परत मिळाली. हा तोटा भरून निघत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान मुळातच जास्त वेळ अडकून राहते.

वेळापत्रकातला कालावधी याहून मोठा असतो. त्यात गेटपासून धावपट्टीपर्यंतचा संथ प्रवास, उड्डाणाची रांग आणि उतरण्यापूर्वीच्या घिरट्यांसाठी राखलेली मिनिटेही धरलेली असतात. हिवाळ्यात उत्तर गोलार्धातली जेट स्ट्रीम अधिक जोरकस होते, तेव्हा जाण्या-येण्याच्या वेळांतली तफावत आणखी वाढते.