डोंगरावर पळणाऱ्यांसाठी, शूजच्या बॉक्समधला कागद

हा कागद लगेच फेकू नका, आधी वाचा, मग पाहिजे तर ओल्या शूजमध्ये कोंबा. आमच्या बेळगावच्या दुकानात शूज घ्यायला येणारी माणसं ठरलेली आहेत. भरतीची तयारी करणारी पोरं, उद्यमबागला फाउंड्रीत शिफ्ट करून पळणारे, व्हॅक्सिन डेपोत नि कॅम्पात फेऱ्या मारणारे सर-मॅडम आणि बँकवाले, आणि हल्ली सातारा हिल हाफचं, म्हणजे साताऱ्याच्या घाटातल्या हाफ मॅरेथॉनचं, मनावर घेतलेले. हे मुख्यतः त्या शेवटच्यांसाठी लिहिलंय, कारण ते आले की एकच सांगतात, "गुडघा दुखूलालाय, जरा कुशनवाला जोडा दाखवा." आम्ही दाखवतो, धंदाच आहे. पण दहातल्या सात जणांच्या बाबतीत आमचा अंदाज असा की जोड्याचा काही दोष नाही, उताराची सवय नाही.

चढताना दम लागतो म्हणून सगळे चढाचीच प्रॅक्टिस करतात. आपला येळ्ळूरजवळचा राजहंसगड किल्ला चढायचा, वर महाराजांच्या पुतळ्यापाशी फोटो काढायचा आणि मित्राच्या गाडीवर मागं बसून खाली यायचं, झाली हिल ट्रेनिंग. उतरताना काय होतं बघा, मांडीचा पुढचा स्नायू लांब होत असतानाच अख्ख्या अंगाचा भार धरून ठेवतो, ब्रेक लावल्यासारखं, आणि त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दम लागत नसतो त्यामुळं त्या वेळी कळतच नाही, माणूस सुसाट येतो. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं, घरचा जिना उतरताना कठडा धरायला लागतो. बरं यात एक चांगली गोष्ट आहे, एकदा असं दुखून गेलं की पुढं काही आठवडे तोच उतार तेवढा त्रास देत नाही. म्हणून उताराला टाळून चालत नाही, थोडा थोडा करून अंगवळणी पाडायला लागतो. सुरुवातीला आठवड्यात एकदाच, तोही छोटा, आणि त्याला लागून दुसऱ्या दिवशी जोरात पळायचं नाही.

साताऱ्याची रेस २१.१ किलोमीटरची, शहरातनं यवतेश्वरचा घाट चढून कास रोडला जायचं आणि त्याच रस्त्यानं परत. जाताना बहुतेक चढ, येताना बहुतेक उतार. वर जाताना गर्दीच्या नादानं जोर लावलेला असतो, आणि वळून खाली यायला लागलं की पंधरा-सोळा किलोमीटरच्या आसपास मांड्या सोडून देतात, मग लोक उतारावर चालत येतात, ते बघायलाही वाईट वाटतं. आमचं म्हणणं, चढाला घड्याळातला पेस, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागतायत ते, बघूच नका, शेजारच्याशी एक वाक्य धड बोलता येतंय का तेवढं बघा. येत नसेल तर चालायला लागा, गुडघ्याच्या वर हात टेकून लांब ढांगा टाका, त्यात लाज कसली, तीव्र चढाला चालणारा आणि धापा टाकत पळणारा बऱ्याचदा बरोबरच वर पोचतात. उताराला ढांगा एकदम छोट्या आणि भराभर, पाय अंगाच्या पुढं लांब टाकून टाचेवर आपटायचा नाही, नजर पायाशी नको, तीन-चार मीटर पुढं.

आपली अडचण पावसाची. रेस साधारण पावसाळा सरता सरता असते, म्हणजे तयारीचे जून-जुलै आपल्याकडं धो धो. वैजनाथच्या डोंगरावर नाहीतर येळ्ळूरच्या बाजूला जांभ्या दगडावर शेवाळ धरतं, त्यावर कुठल्याच कंपनीचा सोल धरत नाही, हे शूज विकणारेच सांगतोय तर ऐका. अशा दिवसांत डांबरी घाटरस्ताच बरा, किंवा अपार्टमेंटचा जिना, चढा आणि मुद्दाम सावकाश उतरा. ट्रेडमिलला स्लोप देऊन चढ होतो, उतार बहुतेक मशिनवर होत नाही. खानापूर, कणकुंबीच्या जंगलात हौसेनं घुसू नका, भीमगड अभयारण्याचा भाग आहे, वनखात्याची परवानगी लागते, अस्वल आणि गवा दोन्ही आहेत, आणि पहाटे एकट्यानं कानात इअरफोन घालून तर नाहीच. शेवटचा मोठा उतार रेसच्या दहा-बारा दिवस आधी उरकून टाका, नंतर फक्त हलकं.

आता दुखण्यांचं, कारण काउंटरवर निम्मा वेळ याच गप्पा. दुखण्याला दहापैकी गुण दिले तर तीनपर्यंत दुखतंय, पळायला लागल्यावर कमी होतंय आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नाही, तर थोडं कमी करून चालू ठेवायला हरकत नसते. लंगडायला लागलं की थांबायचं, रेस चार दिवसांवर असली तरी. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, उतारालाच जास्त, असं असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या पट्ट्याचं असतं, त्यात काही दिवस उतार बंद आणि कमरेच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम. सकाळी पलंगावरनं उतरल्यावर पहिल्या पावलांना टाच टोचते, हे उद्यमबागवाल्यांमध्ये फार, दिवसभर सेफ्टी शूज घालून काँक्रीटवर उभं राहायचं आणि वर पळायचं, पाय काय करणार. टाचेमागची शीर, म्हणजे पोटरी टाचेला जोडणारा जाड स्नायुबंध, दुखत असेल तर पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची, १५ वेळा, तीन सेट, गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून, दिवसातनं दोनदा, बारा आठवडे. स्वीडनच्या आल्फ्रेडसन या डॉक्टरांनी १९९८ साली ही पद्धत मांडली आणि आजही फिजिओ तीच सांगतात. बारा आठवडे ऐकून लोक आमच्याकडं असं बघतात जणू आम्हीच लावलेत. बाम चोळून कातडी गरम होते, बरं वाटतं, त्यापलीकडं शिरेला काही होत नाही.

नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येते, रात्री झोपेतही ठणकतं, तर शूज बघायला येऊ नका, ऑर्थोपेडिककडं जा, हाडाला चीर असू शकते. रेसनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर सरळ हॉस्पिटल, सकाळपर्यंत थांबायचं नाही. आणि रेसच्या आधी पेनकिलर खाऊन पळायची जी फॅशन आलीय ती बंद करा, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या किडनीवर येतात. नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही बरं नव्हे, रक्तातलं मीठ उतरतं. ओआरएस घ्या, पण एक लिटरचं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात, ग्लासभर पाण्यात अर्धं नव्हे.

शूज. संध्याकाळी या, पाय थोडा सुजलेला असतो. पळायला वापरता तेच मोजे घालून या. आमच्या दुकानाला माळ्यावर जायचा लाकडी जिना आहे, त्यावरनं दोनदा जोरात उतरून दाखवा, अंगठा पुढं आपटला तर साईज लहान आहे, मग आम्ही कितीही म्हणालो तरी घेऊ नका. पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे. काळी पडलेली नखं बहुतेक वेळा याच कारणानं. लेसच्या भोकांतलं वरचं जादाचं भोक कशाला असतं विचारतात, लेसची फास घालून टाच मागं घट्ट बसवायला, काउंटरवर बांधून दाखवतो.

खोल नक्षीचा ट्रेल शूज, म्हणजे कच्च्या डोंगरवाटेचा जोडा, रोज डांबरावर घासू नका, सोलच्या खुंट्या झिजून सपाट होतात आणि मग चिखलात निसरतात, रोजच्याला रोडचा जोडा वेगळा ठेवा. दोन जोडे परवडत नसतील तर रोडचाच घ्या, साताऱ्याला तोच लागतो, अख्खा रस्ता डांबरी आहे. लाल चिखल लागला की साध्या पाण्यानं धुवा, इनसोल काढा, आत तरुण भारतचा जुना अंक कोंबून सावलीत ठेवा. चुलीजवळ नाहीतर कडक उन्हात ठेवले की चिकटवलेला सोल सुटतो, आणि असे सुटलेले आम्ही बदलून देत नाही.

घरात दोन दिवस घालून बघा, बाहेर न घालता. चावत असतील तर बिल घेऊन या, बदलून देऊ. जुना जोडा बरोबर आणलात तर सोल कुठं झिजलाय ते बघून पुढचा सांगता येतो, फक्त तेवढा धुऊन आणा.