गादी कुणाची आणि देश कुणाचा: स्पेनमधल्या राजेशाहीच्या वादामागचा इतिहास

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी स्पेनची राजकन्या लेओनोर अठरा वर्षांची झाली आणि त्याच दिवशी तिनं माद्रिदच्या संसदेत राज्यघटनेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. समारंभ थाटात झाला, पण चर्चा रंगली ती न आलेल्यांची. कॅटलोनियातले एस्केर्रा आणि जुन्त्स, बास्क प्रांतातले पीएनव्ही आणि बिल्दू, गॅलिसियाचा बीएनजी या प्रादेशिक राष्ट्रवादी पक्षांचे खासदार तिकडे फिरकलेच नाहीत. कॅटलोनिया आणि बास्क सरकारांचे प्रमुख गैरहजर राहिले. काळजीवाहू मंत्रिमंडळातले तीन डावे मंत्रीही आले नाहीत.

यात त्या मुलीशी कुणाचं वैयक्तिक वैर नव्हतं. स्पेनमध्ये 'गादीवर कोण बसणार' हा प्रश्न गेल्या तीन-चार शतकांत क्वचितच एकटा आला. 'प्रदेशांचे हक्क कोणते आणि ते देणारा-काढून घेणारा कोण' हा दुसरा प्रश्न त्याला कायम चिकटलेला आहे. आजचा वाद समजून घ्यायचा तर हे दोन्ही धागे सोबतच धरावे लागतात.

कॅस्टिलची इसाबेल आणि आरागॉनचा फर्नांडो यांचं १४६९ मध्ये लग्न झालं, तिथून स्पेन एक झाला असं शाळेत शिकवलं जातं. प्रत्यक्षात एक झाली ती राजघराणी. कायदे, कर, नाणी, प्रतिनिधिसभा आपापल्या जागी राहिल्या. कॅटलोनिया आरागॉनच्या मुकुटाखाली होता आणि तिथे राजाला स्थानिक कायदे पाळण्याची शपथ घ्यावी लागे. बास्क प्रांत आणि नाबार्रा यांना 'फुएरोस' म्हणजे परंपरागत सनदी हक्क होते. त्यात करांपासून सैन्यभरतीपर्यंत बरीच मोकळीक होती. लेओनोर आज आस्तुरियास, जिरोना आणि वियाना अशा तीन ठिकाणांची राजकन्या म्हणवली जाते, ते याच रचनेमुळे. हे अनुक्रमे कॅस्टिल, आरागॉन आणि नाबार्राच्या वारसांचे किताब.

ही सैल मोट किती ताणता येते, हे १६४० मध्ये दिसलं. स्पेनचा राजा फेलिपे दुसरा १५८० साली पोर्तुगालच्याही गादीवर आला होता, त्यामुळे तेव्हापासून साठ वर्षं गोव्याचा कारभारही माद्रिदमधल्या राजाच्या नावानं चालत होता, जरी तो पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्याच हातात होता. पुढे युद्धांचा खर्च डोईजड झाला आणि फेलिपे चौथ्याचा मुख्य मंत्री ओलिवारेस यानं सगळ्या राज्यांकडून सैन्य आणि पैसा मागायला सुरुवात केली. १६४० च्या जूनमध्ये कॅटलोनिया उठला, डिसेंबरमध्ये पोर्तुगाल. पोर्तुगाल कायमचा सुटला आणि गोवा त्याच्याबरोबर गेला. कॅटलोनियाला १६५२ मध्ये बार्सिलोना पडल्यावर परत यावं लागलं.

खरा घाव बसला तो पुढच्या पिढ्यांत. १ नोव्हेंबर १७०० रोजी हॅब्सबर्ग घराण्याचा कार्लोस दुसरा निपुत्रिक वारला. मृत्युपत्रात त्यानं फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा नातू फेलिपे याला वारस नेमलं होतं. फ्रान्स आणि स्पेन एकाच घराण्याकडे जाणार या भीतीनं युरोप युद्धात उतरला. कॅटलोनियानं आधी फेलिपेला राजा म्हणून मान्यता दिली होती, पण १७०५ मध्ये तो गादीचा दुसरा दावेदार, ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक (राजपुत्र) कार्लोस, याच्या बाजूला गेला. आरागॉन आणि वालेन्सियाही तिकडे झुकले. १७१३ च्या उत्रेख्त तहात बड्या सत्तांनी आपापसात मिटवून टाकलं, ब्रिटननं जिब्राल्टर पदरात पाडून घेतलं, आणि बार्सिलोना एकटी पडली. ११ सप्टेंबर १७१४ रोजी ती शरण आली. कॅटलोनियाचा राष्ट्रीय दिवस म्हणून आज साजरा होतो तो हा पराभवाचा दिवस.

नव्या राजानं, म्हणजे बोर्बोन घराण्याच्या फेलिपे पाचव्यानं, 'न्वेवा प्लान्ता' नावाचे हुकूम काढले. १७०७ मध्ये वालेन्सिया आणि आरागॉनचे, १७१६ मध्ये कॅटलोनियाचे स्वतंत्र कायदे आणि संस्था गेल्या. बास्क प्रांत आणि नाबार्रा राजाच्या बाजूनं लढले होते, त्यांचे फुएरोस राहिले. कोणत्या प्रदेशाला स्वातंत्र्य उरलं आणि कोणाचं गेलं, हे वारसायुद्धात कोण कोणाच्या बाजूनं उभं राहिलं यावर ठरलं. याहून ठळक पुरावा कुठला द्यायचा? वालेन्सियातलं शातिवा गाव १७०७ मध्ये फेलिपेच्या सैन्यानं जाळलं. तिथल्या संग्रहालयात फेलिपेचं चित्र आजही उलटं टांगलेलं आहे. सध्याचे राजे फेलिपे सहावे त्याच घराण्याचे.

याच फेलिपे पाचव्यानं १७१३ मध्ये आणखी एक गोष्ट बदलली. कॅस्टिलच्या जुन्या कायद्यात मुलगा नसेल तर मुलगी गादीवर येऊ शकत होती. इसाबेल स्वतः तशीच राणी झाली होती. फेलिपेनं घराण्यातली पुरुषांची ओळ संपेपर्यंत बायकांना वारसाहक्क नाही असा नियम आणला. १७८९ मध्ये कोर्तेसनं, म्हणजे प्रतिनिधिसभेनं, तो रद्द करायला संमती दिली, पण निर्णय जाहीर झालाच नाही. फर्नांडो सातव्याला मुलगा नव्हता. त्यानं १८३० मध्ये तो निर्णय जाहीर केला, आणि काही महिन्यांत त्याला मुलगी झाली, इसाबेल. १८३३ मध्ये राजा वारला तेव्हा ती तीन वर्षांचीही नव्हती. तिचा काका कार्लोस म्हणाला, गादी माझी.

कार्लोसचे पाठीराखे ते कार्लिस्ट. १८३३ ते १८७६ दरम्यान तीन युद्धं झाली, आणि त्यांचा जोर होता बास्क प्रांत, नाबार्रा आणि कॅटलोनियाच्या आतल्या डोंगराळ भागात. देव, देश, फुएरोस आणि राजा ही त्यांची घोषणा. माद्रिदचे उदारमतवादी इसाबेलच्या बाजूनं होते आणि त्यांना साऱ्या देशाला एकच कायदा हवा होता. त्यामुळे आपले सनदी हक्क टिकवू पाहणारा बास्क शेतकरी आपोआप काकाच्या छावणीत गेला. इथे इतिहासानं विचित्र वळण घेतलेलं आहे. ज्या फेलिपेनं कॅटलोनियाचे हक्क मोडले, त्यानंच आणलेल्या वारसा-नियमासाठी प्रादेशिक हक्कांचे रक्षणकर्ते पिढ्यान् पिढ्या लढले. पहिलं युद्ध मिटवणाऱ्या १८३९ च्या बेर्गारा तडजोडीनंतर फुएरोस मर्यादित रूपात टिकले. १८७६ च्या अंतिम पराभवानंतर बास्क फुएरोस मोडीत निघाले. त्या बदल्यात १८७८ मध्ये करवसुलीचा एक करार मिळाला: कर बास्क प्रांतांनी गोळा करायचे आणि ठरलेला वाटा माद्रिदला द्यायचा. ही पद्धत विसाव्या शतकात हुकूमशहा फ्रँकोच्या काळात दोन प्रांतांपुरती खंडित झाली, पण आजही चालू आहे. साबिनो आराना यानं १८९५ मध्ये पीएनव्ही स्थापन केला, तो कार्लिस्ट कुटुंबातलाच. वडिलांची निष्ठा राजावर होती, मुलानं ती बास्क राष्ट्राकडे वळवली.

मधल्या काळात इसाबेल १८६८ मध्ये पळून फ्रान्सला गेली. इटलीहून आणलेला राजा आमादेओ १८७३ मध्ये कंटाळून परत गेला. पहिलं प्रजासत्ताक दोन वर्षंही टिकलं नाही, आणि बोर्बोन परत आले. दुसऱ्यांदा ते गेले १९३१ मध्ये. राजा आल्फोन्सो तेराव्यानं जनरल प्रिमो दे रिवेराच्या हुकूमशाहीला साथ दिली होती, त्याची किंमत त्याला मोजावी लागली. १२ एप्रिलच्या नगरपालिका निवडणुकांत मोठ्या शहरांनी राजेशाहीविरुद्ध कौल दिला आणि १४ एप्रिलच्या रात्री राजा देश सोडायला निघाला. त्याच दिवशी बार्सिलोनात कॅटलन नेते फ्रान्सेस्क मासिया यांनी कॅटलन प्रजासत्ताक घोषित केलं. वाटाघाटींनंतर त्यांनी स्वायत्ततेवर समाधान मानलं आणि १९३२ मध्ये कॅटलोनियाला तसा कायदा मिळाला. तेव्हापासून कॅटलन मनात राजा जाणं आणि स्वायत्तता येणं या दोन गोष्टी जोडल्या गेल्या. यादवी युद्ध जिंकून फ्रँकोनं दोन्ही पुसून टाकलं.

आजच्या राजेशाहीची सगळ्यात अडचणीची पानं फ्रँकोच्या काळातली आहेत. १९४७ मध्ये त्यानं स्पेन हे 'राज्य' असल्याचा कायदा केला, पण राजा नेमला नाही. नेमणं आपल्या हातात ठेवलं. हक्काचा वारस होता आल्फोन्सोचा मुलगा डॉन हुआन, जो पोर्तुगालमध्ये राहत होता आणि फ्रँकोविरुद्ध बोलत होता. फ्रँकोनं त्याला डावललं. १९४८ मध्ये डॉन हुआनचा दहा वर्षांचा मुलगा हुआन कार्लोस शिक्षणासाठी स्पेनला आणला गेला आणि २२ जुलै १९६९ रोजी त्याला उत्तराधिकारी घोषित करण्यात आलं. वडील जिवंत असताना, त्यांचा हक्क ओलांडून. २० नोव्हेंबर १९७५ ला फ्रँको गेला आणि दोन दिवसांनी हुआन कार्लोस राजा झाला. वडिलांनी आपला दावा सोडला तो मे १९७७ मध्ये.

विरोधक हेच म्हणतात: हा राजा हुकूमशहानं नेमला. समर्थक म्हणतात: त्याच राजानं हुकूमशाही मोडली आणि १९७८ च्या राज्यघटनेला जनतेनं मान्यता दिली. दोन्ही खरं आहे. पण राजा हवा की प्रजासत्ताक, असा थेट प्रश्न मतदारांना कधीच विचारला गेला नाही, हे माझ्या मते या प्रकरणाचं मर्म आहे. घटना समितीत समाजवादी पक्षानं प्रजासत्ताकाची सूचना मांडली, ती फेटाळली गेली आणि पक्षानं ते मान्य केलं. कम्युनिस्टांनीही राजेशाही स्वीकारली. पंतप्रधान आदोल्फो सुआरेझ यांनी १९९५ मधल्या एका मुलाखतीत माइक झाकून सांगितलं होतं की त्यांनी चाचण्या घेतल्या होत्या आणि सार्वमतात राजेशाही हरली असती. ते चित्रण २०१६ मध्ये प्रसारित झालं, तेव्हा स्पेनमध्ये केवढी खळबळ उडाली!

तरीही १९७८ मध्ये कॅटलोनियानं राज्यघटनेला भरभरून मतं दिली, सुमारे ९० टक्के. बास्क प्रांतात पीएनव्हीनं मतदानापासून दूर राहायला सांगितलं आणि निम्म्याहून कमी लोकांनी मत दिलं. कॅटलोनियाच्या पाठिंब्यालाही कारण होतं. प्रजासत्ताकाच्या काळातलं कॅटलन सरकार १९७७ मध्येच, म्हणजे राज्यघटनेच्या आधी, पुन्हा स्थापन झालं होतं. त्याचे निर्वासित अध्यक्ष जुझेप तार्रादेल्यास बार्सिलोनाला परतले आणि पुढे राजानं त्यांना मार्किस हा सरदारकीचा किताब दिला. त्यामुळे १७१४ पासून आजपर्यंत कॅटलन लोक राजावर सतत चिडलेले आहेत, ही सरळ रेघ मला पटत नाही. २३ फेब्रुवारी १९८१ ला बंडखोर अधिकारी तेखेरोनं संसदेत बंदुका रोखल्या आणि मध्यरात्रीनंतर राजानं दूरचित्रवाणीवरून बंड नाकारलं, तेव्हा बार्सिलोनातही लोकांनी सुटकेचा श्वास टाकला.

ही जमवाजमव एकविसाव्या शतकात उसवली, तीही एकाच वेळी दोन बाजूंनी. २००६ मध्ये कॅटलोनियाचा नवा स्वायत्तता कायदा सार्वमतानं मंजूर झाला. २८ जून २०१० रोजी घटना न्यायालयानं त्यातली महत्त्वाची कलमं रद्द केली. तिथून स्वातंत्र्याची मागणी काठावरून मध्यभागी आली. त्याच सुमारास राजघराण्याची अब्रू जाऊ लागली. राजाचा जावई उर्दांगारिन भ्रष्टाचाराच्या खटल्यात अडकला आणि शेवटी तुरुंगात गेला. एप्रिल २०१२ मध्ये, देशात बेकारीनं कहर केलेला असताना, बोत्स्वानात हत्तींच्या शिकारीला गेलेल्या राजाचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांनी माफी मागितली. जून २०१४ मध्ये मुलासाठी, म्हणजे फेलिपेंसाठी, गादी सोडली. २०२० मध्ये मुलानं वडिलांकडून येणारी संपत्ती नाकारली आणि ऑगस्टमध्ये हुआन कार्लोस अबू धाबीला निघून गेले.

कॅटलोनियाच्या दृष्टीनं मात्र निर्णायक तारीख आहे ३ ऑक्टोबर २०१७. दोन दिवसांपूर्वी न्यायालयानं बंदी घातलेलं स्वातंत्र्य-सार्वमत झालं होतं आणि मतदान केंद्रांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या. राजे फेलिपे दूरचित्रवाणीवर आले, कॅटलन सरकारवर बेईमानीचा ठपका ठेवला आणि जखमींबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. उरलेल्या स्पेनमध्ये अनेकांना हे भाषण खंबीर वाटलं. कॅटलोनियात स्वातंत्र्य नको असलेल्यांपैकीही कित्येकजण दुखावले. मला ही त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी चूक वाटते. घटनेनं राजाला एकतेचं प्रतीक म्हटलंय, आणि त्या रात्री तो एका बाजूचा झाला. २०१८ मध्ये कॅटलन संसदेनं राजाचा निषेध करून राजेशाही रद्द करण्याची मागणी केली. घटना न्यायालयानं तो ठराव रद्दबातल ठरवला.

आता वारसा-नियमाकडे. घटनेच्या कलम ५७ नुसार भावंडांत मुलगा मुलीच्या आधी येतो. फेलिपे दोन थोरल्या बहिणींना मागे टाकून राजे झाले ते याच आधारे. हे अन्यायाचं आहे यावर दोन्ही मोठ्या पक्षांत फारसा वाद नाही. स्टेट कौन्सिल या सरकारच्या सल्लागार संस्थेनं २००६ मध्येच दुरुस्तीचा सविस्तर अहवाल दिला. तरी बदल झालेला नाही, कारण राजमुकुटासंबंधीची कलमं कलम १६८ च्या कुलपाखाली आहेत: दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत, मग संसद विसर्जित, निवडणूक, नव्या संसदेत पुन्हा दोन-तृतीयांश, आणि शेवटी सार्वमत. २०२४ मध्ये अपंगत्वासंबंधीच्या कलम ४९ ची भाषा बदलली गेली, ती सोप्या वाटेनं. कलम ५७ ला ती वाट नाही.

अडसर आहे तो शेवटच्या पायरीचा. मुलींच्या समान हक्काचा प्रश्न विचारला, तरी बार्सिलोना आणि बास्क प्रांतातल्या बिल्बाओमध्ये उत्तर मिळेल ते राजेशाहीबद्दल. तिथे 'नाही' जिंकलं तर राजानं जोडून ठेवलेल्या देशाचे दोन तुकडे नकाशावर दिसू लागतील. ही भीती इतकी खोल आहे की सरकारी सर्वेक्षण संस्थेनं राजेशाहीवरच्या विश्वासाचा प्रश्न २०१५ नंतर कित्येक वर्षं विचारलाच नाही. फेलिपे यांना दोन मुलीच आहेत, म्हणून सध्या घाई कुणालाच नाही. पण डिसेंबर १९७८ च्या सार्वमतात भाग घेता आलेला सर्वांत तरुण मतदार आज पासष्टीच्या घरात आहे, आणि त्याच्यानंतर जन्मलेल्या एकाही स्पॅनिश नागरिकाला राज्यघटनेतल्या राजमुकुटाबद्दल कधीच काही विचारण्यात आलेलं नाही.