सीएमव्ही दृष्टिपटलदाह

एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती पार ढासळलेल्या रुग्णाच्या डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, सायटोमेगॅलोव्हायरस (सीएमव्ही) या विषाणूमुळे नष्ट होत जाण्याचा विकार. कांजिण्या आणि नागीण यांच्या विषाणूप्रमाणे सीएमव्हीही हर्पिस कुळातला. बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो आधीच शिरलेला असतो आणि आयुष्यभर सुप्त राहतो. रक्तातील सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीची सूत्रे हलवणाऱ्या पांढऱ्या पेशी) घन मिलिमीटरला ५०च्या खाली उतरल्या, की तो डोके वर काढतो.

या रोगात डोळा बाहेरून शांत दिसतो, आणि तीच फसगत आहे. डोळे आल्यावर असते तशी लाली नाही, चिपडे नाहीत, ठणकाही नाही. लाली आणि सूज ही शरीर झुंजत असल्याची खूण. इथे झुंजणाऱ्या पेशीच संपत आलेल्या असतात. नजरेपुढे काळे ठिपके तरंगतात, मध्येच चमक येते, एखाद्या बाजूचे दिसेनासे होते. रोग पडद्याच्या कडेला असेल तर एवढेही जाणवत नाही. म्हणून सीडी४ फार कमी असलेल्यांची, तक्रार नसली तरी, थेंब घालून बाहुली मोठी करून तपासणी करावी लागते. आत रक्तवाहिन्यांच्या कडेने पिवळट-पांढरे चट्टे आणि त्यांत रक्तस्राव दिसतो. विरलेला पडदा पुढे फाटून सुटूही शकतो. नुसते कापसासारखे बारीक पुंजके दिसले तर ते बहुधा एचआयव्हीमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांना झालेल्या इजेचे असतात, सीएमव्हीचे नव्हेत.

सीएमव्हीवरच्या गॅन्सायक्लोव्हिर या औषधाला अमेरिकेत १९८९मध्ये मान्यता मिळाली. ते शिरेतून दीर्घकाळ द्यावे लागे. व्हॅलगॅन्सायक्लोव्हिरची गोळी २००१मध्ये आली. दोन्ही औषधे विषाणूला थोपवतात, शरीरातून हुसकत नाहीत. खरा पालट १९९६च्या सुमारास एकत्रित एआरटीने, म्हणजे एचआयव्हीला दाबणाऱ्या अनेक औषधांच्या एकत्र उपचाराने, घडवला. सीडी४ १००च्या वर काही महिने टिकले, की नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली सीएमव्हीचे औषध थांबवता येते. गेलेली नजर मात्र परतत नाही. उलट, सावरलेली प्रतिकारशक्ती कधी डोळ्यात उरलेल्या विषाणूच्या अंशांवर तुटून पडते आणि तोवर शांत असलेल्या डोळ्यात दाह सुरू होतो.

नागिणीचा विषाणू याहून वेगवान: क्षीण प्रतिकारशक्तीत तो काही दिवसांत पडदा निकामी करू शकतो. कपाळावरच्या नागिणीचे फोड नाकाच्या शेंड्यावर उतरले, तर डोळाही सापडण्याची शक्यता वाढते, कारण दोन्हीकडे जाणारा मज्जातंतू एकच.